अमावस्येचं तिकीट

सुजित गॅलरीत उभा राहून फोनवर मित्राशी बोलत होता आणि हसत होता. "आमची आई ट्रेनचं तिकीट भांग बघून काढते, बोल आता," तो म्हणाला, आणि पलीकडचाही हसला असावा, कारण सुजित पुन्हा हसला. आत स्वयंपाकघरात तुळशी सुके बोंबील निवडत बसली होती. तिचा हात थांबला. आता पोरगा आईला हसतो यात नवल ते काय? तिच्या बोलण्याला, मोबाईल कानापासून वीतभर लांब धरण्याला, लिफ्टमध्ये भिंत घट्ट धरून उभं राहण्याला तो हसतच आलेला. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की तुळशी दोन शब्द सुनावते आणि कामाला लागते, विषय तिथंच मिटतो. पण राग आलाच नाही. ते वाक्य मात्र कानात बसून राहिलं, आणि तेही नेमकं डाव्या, ज्याचं दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन झालं होतं आणि ज्यातून अजून धड ऐकूसुद्धा येत नव्हतं.

भांग म्हणजे काय, हे हल्ली उरणातल्या निम्म्या लोकांना समजावून सांगावं लागतं. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, पाणी अंगावर येतं. अष्टमीच्या आसपास तेच पाणी नरम पडतं, फार चढत नाही, फार उतरत नाही. तो भांग. तुळशीच्या घरच्या कोळ्यांत बाईमाणसानं कुठं निघायचं तर भांगाला निघायचं. सोयरिकीची बोलणी असोत, दवाखाना असो, कुणाच्या बाराव्याला जायचं असो, पाणी नरम बघायचं आणि मगच पाय उचलायचा, कारण त्यांच्या गावाहून, दिघीहून, कुठंही जायचं म्हणजे आधी खाडी आडवी यायची. होडी विकून तुळशी आणि तिचा नवरा कान्हा उरणात सुजितकडं राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून समुद्राऐवजी बंदराच्या क्रेना आणि कंटेनरच्या थप्प्या दिसायच्या. तरी सकाळी डोळे उघडले की आज पाणी केवढं असेल हे तुळशीला कॅलेंडर न बघता कळायचं. म्हणून सुजितनं "कधीचं काढू?" असं विचारल्यावर तिच्या तोंडून "अष्टमीचं" गेलं ते काही विचार करून गेलं नव्हतं. भूक लागली की हात ताटाकडं जातो तसं ते गेलं.

तिकीट होतं आसामचं. तुळशीची धाकटी, प्रणाली, तिथं होती. जावई विनेश इथल्याच गॅसच्या प्लँटमध्ये नोकरीला, म्हणून तर तुळशीनं डोळे मिटून पोरगी दिली होती. लेक उरणातल्या उरणात, हाकेच्या अंतरावर, आणखी काय पाहिजे? आणि वर्षाच्या आत त्याची बदली झाली ती थेट देशाच्या पार त्या टोकाला. आता प्रणालीला दिवस गेलेले, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरचं, यात दुमत नाही. सातव्यात जाऊन आणायची, ओटी भरायची, दिवस भरेपर्यंत तिच्या जिभेचे चोचले पुरवायचे, सगळं तुळशीनं मनात मांडून ठेवलं होतं. पण प्रणालीचं ब्लडप्रेशर चढलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. घरात दोन दिवस सुतक पडल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी तुळशीनं जाहीर केलं की लेक माहेरी येत नसेल तर माहेर उठून लेकीकडं जाईल, आणि माहेर म्हणजे काय या घराच्या भिंती थोड्याच, माहेर म्हणजे मी. सुजित म्हणाला, विमानानं जा. कानाच्या डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं. मग राहिली रेल्वे. कुर्ल्याहून गुवाहाटीला गाडी, आठवड्यातून दोनदा; तिथं विनेश घ्यायला येणार. सुजितनं रजा मागितली, तीही अष्टमीच्या सुमाराला मिळाली, तो गुवाहाटीपर्यंत सोडून परत फिरणार. सगळं कसं जुळून आलं होतं.

आणि तुळशीनं तयारी अशी आरंभली की विचारू नका. आयुष्यात ती सगळ्यात लांब गेली होती ती जेजुरीला, एसटीनं, आणि तेव्हासुद्धा वाटेत दोनदा ओकली होती. रेल्वेचा बाक केवढा रुंद असतो ते तिनं सुजितकडून हातानं मापून घेतलं, दुपारी दिवाणावर तेवढ्या जागेच्या कडेला दोरी टाकली आणि त्या दोरीच्या आत झोपायची सवय करायला लागली. कान्हा दुसऱ्याची फाटकी जाळी मांडीवर घेऊन शिवत बसलेला असायचा. तो म्हणायचा, "कूस बदल बघू आता. पडलीस. आलं तुझं नाशिक." ती पुन्हा चढून झोपायची. डिंकाचे लाडू झाले, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, सगळ्याच्या पुरचुंड्या झाल्या. आसामात मासळी मिळते, असं विनेशनं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, कसली, आणि तो म्हणाला, नदीची. गोड्या पाण्यातल्या मासळीला चव काय असणार, आणि बाळंतिणीला दूध काय येणार? म्हणून बोंबील, सोडे, सुकट. सुजित कपाळाला हात लावायचा. "आई, सुकट घेऊन डब्यात बसलो तर लोक आपल्याला इगतपुरीला उतरवतील." "उतरवू देत," ती म्हणायची, "दुसरी गाडी न्हाय का?"

एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं सुजितला नकाशा दाखवायला लावला होता. त्यानं मोबाईलवर बोट सरकवत नेलं, निळी रेघ लांबतच गेली, बोट थकेना. तिनं विचारलं, "मधी पानी किती लागतं?" त्याला आधी कळलं नाही. मग तो एकेक नदी वाचायला लागला, गोदावरी, तापी, नर्मदा, गंगा, आणि शेवटी ब्रह्मपुत्रा. "सगळ्यांवर पूल हायेत, आई. तुला कळणारपण नाही कधी ओलांडली." तुळशीला ते पटलं नव्हतं. एवढं पाणी ओलांडायचं आणि कळायचंसुद्धा नाही, म्हणजे ओलांडलं कशाला? तिला कळायला हवं होतं. लेक नेमकी केवढी लांब आहे हे फोनवर कळत नव्हतं. फोनवर ती शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी बोलायची, आणि फोन ठेवला की एकदम कुठंच नसायची. एकेक पाणी मागं पडताना आपण जागं राहायचं, बघायचं, असं तेव्हा तुळशीनं मनाशी ठरवलं होतं. आणि आता बोंबलाची डोकी मोडता मोडता तिला वाटलं, पूल आहेत. सगळ्यांवर पूल आहेत. मग मी भांग कशाचा बघितला?

तिनं तो विचार झटकून टाकायचा प्रयत्न केला. सवय, दुसरं काय. पण तो जाईना. तुळशीचं माहेर आगरदांड्याचं आणि सासर समोर दिघीचं, मधे खाडी. धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडची घरं दिसतात, कुणाच्या अंगणात कपडे वाळत घातलेत तेसुद्धा डोळे ताणले तर दिसतं. आता गाड्यासुद्धा बोटीवर चढून पलीकडं जातात. तेव्हा शिडाचा मचवा होता, आणि वाऱ्यावर त्याचा भरवसा. सुजितच्या वेळी गौरी-गणपती झाले की आई न्यायला येणार होती. गणपती गेले, पौर्णिमा आली, उधाणाला वाराही सुटला. मचवा चालू होता, पण तुळशीची आई नीराबाई उधाणात खाडीत पाऊल टाकत नसे. तिचा पाठचा भाऊ अंबाजी अशाच एका पौर्णिमेला खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला होता, तेव्हापासून. तिनं निरोप पाठवला, अष्टमीला येते. तुळशी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची पोर. सासू नाही, कान्हा समुद्रावर. संध्याकाळी ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची आणि पलीकडं माहेरची बत्ती लागलेली बघायची. आणि अष्टमी उजाडायच्या आधीच एका पहाटे सुजित झाला. शेजारच्या आवडाबाईनं सगळं केलं, नीट केलं. काही वाईट घडलं नाही. पोर धडधाकट, आई सुखरूप. काही वाईट घडलं नाही हीच तर पंचाईत होती, कारण मग रडायला तोंडच उरलं नाही. अष्टमीला आई लाडवांचा डबा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तुळशीनं भिंतीकडं तोंड केलं. आईनं कारण विचारलं नाही. पुढं किती सण झाले, किती बाळंतपणं झाली, येणंजाणं होतं, हसणंबोलणं होतं, पण त्या दिवशीचं भिंतीकडं केलेलं तोंड तुळशीनं मनातून कधी वळवलंच नाही. एक खाडी, आई. एक खाडी तुला ओलांडवली नाही. आई जाऊन आता अकरावं वर्ष, आणि हे अजून आत तसंच कच्चं होतं.

दुपारी प्रणालीचा फोन आला. तुळशीनं तो उजव्या कानाला लावला. प्रणाली आधी इकडचं तिकडचं बोलली, थंडी फार आहे म्हणाली, शेजारीण चांगली आहे म्हणाली. मग सहज सांगावं तसं सांगितलं की आज तपासायला गेली होती, प्रेशर पुन्हा वाढलंय, पायांना सूज आहे, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात दिवस भरेपर्यंत थांबता येईलच असं नाही, बहुतेक आधीच उरकावं लागेल. "म्हंजे कधी?" तुळशीनं विचारलं. "ते काय सांगत न्हाईत नीट. पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात." आणि लगेच म्हणाली, "तू घाई करू नको, आई. दादाची रजा हाय तेव्हाच ये, सावकाश. मी बरी हाय."

तुळशी "बरं" म्हणाली. तिला आधी हायसं वाटलं. हे खोटं कशाला बोला, खरंच तिला हायसं वाटलं. सुजितची रजा, सुजितची सोबत, नरम पाणी, सगळं ठरल्या जागी राहिलं. लेकच म्हणते, सावकाश ये. फोन ठेवून ती पुन्हा बोंबलांपुढं बसली, एक बोंबील उचलला, आणि तो हातातच राहिला. कारण हे वाक्य तिला पाठ होतं. हे वाक्य तिचं होतं. आईचा अष्टमीचा निरोप घेऊन मचवा हाकणारा जो तांडेल आला होता त्याच्याजवळ तिनं उलट निरोप दिला होता, धक्क्यावर उभी राहून, पोटाला हात लावून, हसत: आईला सांग, घाई नको, मी बरी हाय. आणि तांडेल पाठमोरा झाला तसं तिला वाटलं होतं की धावत जाऊन त्याचा सदरा धरावा आणि सांगावं, असलं काही बोलू नको तिला, आत्ता घेऊन ये, वारा असो, पाणी असो, मला मरायची भीती वाटते. ती धावली नाही. इतकी वर्षं तिनं आईला दोष दिला तो हे ऐकल्याबद्दल, आणि आपण काय सांगितलं होतं ते मात्र कुठंतरी ढकलून दिलं होतं. आईला तेव्हा कसं वाटलं असेल? तिलाही हायसंच वाटलं असणार. चला, पोरगीच म्हणते. तुळशीला आईची दया आली आणि त्याच क्षणी पुन्हा रागही आला, कारण आई होती ना ती, तिला कळायला नको? पोरगी मी बरी आहे म्हणते तेव्हा ती बरी नसते हे आईला नाही कळायचं तर कुणाला, त्या तांडेलाला? हा राग आता फिरून स्वतःवरच आला. आपण बरं म्हणून फोन ठेवला होता. आपल्याला कळलं नव्हतं, कळायला एक आख्खा बोंबील हातात धरून बसावं लागलं.

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. सगळ्यात लवकरची गाडी कुठली, हे तिला माहीत होतं. सुजितनं दोन्ही वार सांगितले होते. ती गाडी परवा होती. परवा कार्तिकातली अमावस्या होती. काळा ठिपका. उधाण. तिनं डोळे मिटले तर खाडीचं तोंड दिसलं आणि अंबाजीमामाचा चेहरा, जो तिनं फोटोतसुद्धा कधी पाहिला नव्हता. रेल्वेला अमावस्येचं काय, हे तिला डोक्यानं कळत होतं. लोखंडी रुळांना भरती येत नाही. पण भीती काही रुळांवर नसते. ती आईनं मामासाठी रडता रडता पोरींच्या अंगात शिवून ठेवली होती, आणि तुळशी तीच घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहत होती, आणि उद्या प्रणालीच्या पोरीच्या अंगातही तीच जाणार. तिनं कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. ते वाकडं लागलं, तसंच राहू दिलं.

संध्याकाळी सुजित कामावरून आला तेव्हा चहा देता देता तिनं सांगितलं, "परवाचं तिकीट बघ." सुजितनं चहा खाली ठेवला. "परवा मला रजा नाही, आई." "तुझी कोन मागतं रजा? माझं एकटीचं बघ." मग प्रणालीचं प्रेशर, डॉक्टरीणबाई, सगळं तिनं सांगितलं. कान्हानं जाळीतून मान वर केली. आयुष्यभर समुद्रावर काढलेला माणूस, पण घरात कधी आवाज चढवला नाही, आणि आताही त्यानं चढवला नाही. "परवा अमावश्या हाय," तो एवढंच म्हणाला.

"ठाव हाय."

"अमावशेला बाईमानूस निघतं व्हय कधी? तेबी असल्या कामाला?"

"बाळ भांग बघून येतं व्हय?" तुळशी म्हणाली. "सुजित आला होता काय बघून?"

सुजित जन्मला तेव्हा कान्हा समुद्रावर होता, आणि ही गोष्ट त्या दोघांत कधी निघत नसे. त्यानं सुई जाळीत अडकवून ठेवली. "एकटी जाशील तू?" त्यानं विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात अमावस्या नव्हती, नुसती काळजी होती. "तुला हिंदी येतं कुठं?"

"मासं इकलं ते काय सगळं मराठी मानसांना? भैया, बोहरी, बंगाली, सगळ्यांशी भाव केला मी. कुनी मला फशिवलं न्हाय."

सुजित मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला होता. बराच वेळ त्याचं बोट वरखाली होत राहिलं. बुकिंग भरलेलं होतं, तत्काळ उद्या सकाळी उघडणार होतं, मिळेल याची खात्री नव्हती. ती रात्र तुळशीनं दोरीच्या आतच झोपून काढली, पण झोप कसली. सकाळी तत्काळ उघडायच्या वेळेला सुजित कामावर उशिरा जायचं सांगून टेबलाशी बसला, तुळशी त्याच्या मागं उभी. चाक फिरत राहिलं, एकदा सगळं बंद पडलं, त्यानं पुन्हा पहिल्यापासून भरलं. तिला वाटलं, न मिळालं तर बरं, आणि हे वाटल्यावर तिनं सुजितच्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. मिळू दे, ती मनात म्हणाली, माझं ऐकू नको, मिळू दे.

"मिळालं," सुजित म्हणाला. "पण अप्पर बर्थ हाय, आई. सगळ्यात वरचा. चढशील?"

"हलत्या होडीवर चढले ती काय जिना लावून?" ती म्हणाली. पण खुर्चीची पाठ तिनं अजून सोडली नव्हती, ते सुजितनं पाहिलं. तो उठला आणि त्यानं तिला खुर्चीवर बसवलं. तो हसला नाही. त्यानं हळू आवाजात सांगायला घेतलं, शिडी कुठल्या बाजूला असते, चप्पल कुठं ठेवायची, रात्री पाणी किती प्यायचं, कुठल्या स्टेशनानंतर कुठलं स्टेशन, आणि तुळशी एकेक शब्द ऐकत होती. सुकटाच्या पुरचुंडीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही; उलट दुपारी कामावरून घट्ट झाकणाचे दोन मोठे डबे घेऊन आला. कान्हानं त्यांना दोरी बांधली, होडीच्या दोराला मारतात तसली गाठ मारून, आणि ती ओढून ओढून पुन्हा पुन्हा तपासली. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून तो ते करत होता, हे तुळशीला कळत होतं, आणि तिला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

सगळं भरून झाल्यावर तिनं फोन घेतला आणि गॅलरीत गेली. प्रणालीनं लगेच उचलला, जणू हातातच होता. "उद्याची गाडी हाय माझी," तुळशी म्हणाली. "एकटीच येते. विनेशला सांग, स्टेशनावर लवकर येऊन थांब म्हनावं."

तिनं फोन उजव्या कानावर आणखी दाबून धरला. मग प्रणाली म्हणाली, "आई, उद्या अमावश्या हाय ना."

"हाय."

"बाबा काय म्हनलं?"

"त्यांनी डबं बांधलं."

बोलून लेकीला सोपं करून द्यायचं नाही, हे तुळशीनं दुपारपासून ठरवलं होतं. भिऊ नको म्हणायचं नाही, सगळं नीट होईल म्हणायचं नाही, पोरीला तिच्या शब्दात सांगू द्यायचं. खाली रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर मागं येत होता, त्याची शिटी वाजत होती, ती संपेपर्यंत ती नुसती उभी राहिली. आणि मग तिकडून, देशाच्या त्या टोकावरून, प्रणालीचा हुंदका फुटल्याचं ऐकू आलं.

"लवकर ये गं आई," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटतं."

"व्हय," तुळशी म्हणाली. "मला ठाव हाय. मी निघाले."